डीएसएलआर आहे, बजेट बेताचं आहे. तारे टिपायला आधी काय घेऊ?

चांदणवाट:

नमस्कार. बरेच महिने इथलं नुसतं वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच.

माझ्याकडे कॅननचा जुना डीएसएलआर आहे, १८ मेगापिक्सेलचा. त्याच्याबरोबर आलेली दोन भिंगं आहेत, १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटरची. ट्रायपॉड हलका, ॲल्युमिनियमचा. मागच्या अमावस्येला गच्चीवर जाऊन मृग नक्षत्राचा फोटो काढला. भिंग ५५ वर, एक्स्पोजर १५ सेकंद. कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला तर तारे स्वल्पविरामासारखे लांबट झालेले. पण पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांच्या खाली एक गुलाबीसर डाग होता. आधी वाटलं भिंगावर काहीतरी आहे, म्हणून पुसून परत काढला. डाग तिथेच. त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत तो फोटो बघत बसले होते.

आता मनापासून पुढे जायचं आहे. नवा कॅमेरा घेताना जेवढे पैसे गेले होते, साधारण तेवढेच पुन्हा बाजूला काढता येतील, आणि तेही एकदाच. म्हणून चूक करायची नाही. ११४ मिलिमीटरच्या आरशाची एक दुर्बीण पाहून ठेवली आहे, खोक्यावर ५२५ पट असं लिहिलंय. शिवाय कोणी म्हणतं आधी कॅमेरा बदल, कोणी म्हणतं मोठी टेलिफोटो घे, कोणी ट्रॅकर म्हणतं. मला कृत्तिका, मृगातला तो तेजोमेघ आणि देवयानी दीर्घिका नीट टिपायची आहे. आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला शनीची कडी बघायची आहेत. हे सगळं एका सामानात होईल का?


निशाचर:

दुर्बीण घ्या की. माझ्याकडे जवळपास अशीच आहे. फोन आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) धरून चंद्राचे फोटो काढतो, विवरांच्या कडा अगदी स्वच्छ येतात. गुरूचे चार चंद्रही दिसतात. घरातली मुलं रांग लावून बघतात. सुरुवात म्हणून काही वाईट नाही. डीएसएलआर लावायला एक अडॅप्टर मिळतो, तो घेतला की काम झालं असं मला तरी वाटतं. मी स्वतः लावून पाहिलेला नाही.


लेथवाला:

ताई, तो डाग म्हणजेच तुमच्या यादीतला मृगातला तेजोमेघ. मेसिये या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतला ४२ वा, साधारण १,३०० प्रकाशवर्षं लांब. काहीही नवं न घेता तो तुमच्या कॅमेऱ्यात उतरला आहे, म्हणून तोच फोटो समोर ठेवून बोलू.

दुर्बीण आत्ता घेऊ नका. निशाचर म्हणतात ते चंद्रापुरतं खरं आहे. चंद्राला उजेड इतका असतो की सेकंदाचा शंभरावा भागही पुरतो, तेवढ्यात काही हलायला वेळच मिळत नाही. तुमची यादी मात्र अंधुक गोष्टींची आहे. तिथे शटर उघडं ठेवावं लागतं, आणि शटर उघडं ठेवलं की सगळा भार बैठकीवर, म्हणजे दुर्बीण धरणाऱ्या आधारावर येतो.

मी तीस वर्षं लेथवर काढली. माझी पहिली खरेदी नेमकी अशीच होती, ११४ मिलिमीटरचा आरसा आणि बारीक पायांची बैठक. पहिल्या रात्री अडॅप्टर लावून कॅमेरा बसवला, व्याध समोर घेतला, फोकसर पार आत नेला. तरी व्याध टिकलीएवढा. बिंदू होईना. डोळ्याने बघण्यासाठी केलेल्या अशा दुर्बिणींत प्रतिमा नळीच्या बरीच जवळ तयार होते, आणि कॅननच्या डीएसएलआरमध्ये सेन्सर तोंडापासून ४४ मिलिमीटर आत असतो. प्रकाश तिथे पोचेपर्यंत एकदा गोळा होऊन पुन्हा पसरायला लागलेला असतो. विकणाऱ्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. बार्लो हे जोडभिंग मध्ये घातलं तर फोकस येतो, पण केंद्रांतर (भिंगावर मिलिमीटरमध्ये लिहिलेला ५५, २५० असा आकडा) दुप्पट होतं आणि बैठकीची परीक्षा दुपटीने कडक होते.

माझ्या हाताला यंत्राची सवय. मी आरशामागचे स्क्रू काढून लांब स्क्रू बसवले आणि आरसा तीन सेंटिमीटर पुढे आणला. फोकस आला. व्याध सुईच्या टोकासारखा झाला तो क्षण अजून आठवतो. मग शटर दाबलं आणि तारा थरथरायला लागला. घड्याळ लावून मोजलं, बोट लावल्यापासून थरथर थांबेपर्यंत सात सेकंद. झुळूक आली की पुन्हा सात सेकंद. हाताने फिरवायच्या त्या लांब केबलला हात लावला की पुन्हा तेच. आरशात काही खोट नव्हती. त्याला धरणारा लोखंडाचा तुकडा कमी पडत होता. लेथवरही हेच असतं, टूल कितीही चांगलं असो, बेड हलत असेल तर जॉबवर लाटा उठतात.

आता तुमच्या स्वल्पविरामांचा हिशेब. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरा घेते, त्यामुळे तारे सेकंदाला १५ विकला सरकतात (अंशाचे ३,६०० भाग केले की एक विकला). तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा आहे. भिंग ५५ वर असताना तो पिक्सेल आकाशाचा १६ विकलांचा तुकडा पाहतो. म्हणजे १५ सेकंदांत तारा १४ पिक्सेल पुढे गेला. मृगाचा पट्टा खगोलीय विषुववृत्ताला (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेषा) जवळजवळ चिकटून आहे, म्हणून तिथे हा वेग पुरेपूर लागतो. ध्रुवाकडे जाल तसा तो कमी होतो.

लोक ५०० चा नियम सांगतात. ५०० ला केंद्रांतराने आणि सेन्सर लहान असल्यामुळे येणाऱ्या १.६ या क्रॉपने भागायचं. ५५ ला तो पावणेसहा सेकंद देतो. त्यातही पाच पिक्सेलची रेघ उमटतेच. छोट्या प्रिंटला चालेल, तुम्हाला चालणार नाही, कारण तुम्ही मोठं करून बघणाऱ्या आहात. तीन सेकंदांवर या. तारे गोल येतील.

तीन सेकंदांत उजेड किती येणार, असं मनात येईल. थोडाच येतो. म्हणून असे ३०० फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरने एकावर एक रचायचे. सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर, दोन्ही फुकट आहेत. ३०० फोटो रचले की खरी प्रतिमा आणि नॉइज (सेन्सरचा दाणेदार गोंगाट) यांचं गुणोत्तर ३०० च्या वर्गमुळाने, म्हणजे सतरा पटीने सुधारतं. एकेका फोटोत जो तेजोमेघ डागासारखा दिसतो, त्याचे पंख बाहेर येतात. याला पैसे लागत नाहीत, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) फोटो काढायचे आणि मेमरी कार्ड मोकळं ठेवायचं.

पैसे खर्च करायचेच तर पहिली वस्तू ५० मिलिमीटर एफ/१.८ हे साधं भिंग (एफचा आकडा जितका लहान, तितकं भिंग जास्त उघडतं). तुमचं १८-५५ हे ५५ ला एफ/५.६ पर्यंतच उघडतं. ५० वालं एफ/२.८ वर ठेवलंत तर चौपट उजेड येतो. पूर्ण १.८ वर उघडू नका, कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात. सोबत इंटरव्हॅलोमीटर घ्या, तो ठरल्या वेळाने आपोआप फोटो काढतो, म्हणजे शटरला बोट लागणार नाही. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये एका ठळक ताऱ्यावर दहापट मोठं करून हाताने लावा, आणि लागला की भिंगाच्या कड्यावर चिकटपट्टी मारा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, खाली एक जड पिशवी टांगा. इतकं झालं की थांबा. दोन-तीन अमावस्या असेच फोटो काढा.

उरलेले पैसे ट्रॅकरसाठी राखून ठेवा. स्काय-वॉचरचा स्टार ॲडव्हेंचरर, आयऑप्ट्रॉनचा स्कायगार्डर, या जातीची वस्तू. ट्रायपॉड आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसते आणि पृथ्वीच्या उलट, त्याच गतीने कॅमेरा फिरवते. ती आली की तीन सेकंदांचे साठ सेकंद होतात, आणि तुमच्या ५५-२५० ला पहिल्यांदा खरं काम मिळतं. कॅमेरा बदलण्याची गरज नाही. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो हे खरं. पण कृत्तिकांभोवतीची धूळ निळ्या प्रकाशात चमकते, देवयानी ताऱ्यांच्या उजेडाने दिसते, आणि मृगातला तेजोमेघ इतका प्रखर आहे की फिल्टरमधूनही येतो. तुमच्या तिन्ही इच्छा याच कॅमेऱ्यात पुऱ्या होतील.

शनी मात्र यात बसत नाही. कड्यांची रुंदी साधारण ४० विकला. २५० च्या भिंगामागे अख्खा शनी कड्यांसकट अकरा-बारा पिक्सेलचा येईल. त्याला डोळा आणि दुर्बीणच हवी. मुलीसाठी पुढेमागे सहा इंची डॉब्सोनियन बघा, म्हणजे साध्या फिरत्या पेटीवरची आरशाची दुर्बीण, जमिनीवर ठेवायची, डोळा लावायचा, झालं. कडी पंचवीस-तीस पटीलाही ओळखू येतात. खोक्यावरच्या ५२५ वर जाऊ नका. आरशाच्या दर मिलिमीटरमागे फार तर दोन पट, म्हणजे ११४ ला सव्वादोनशेच्या आसपास प्रतिमा टिकते, पुढे नुसती मोठी आणि पुसट होत जाते. शनीची घाईही नाही. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्या दिशेने अगदी कडेवर आली होती, आता ती वर्षागणिक उघडत जातील आणि २०३२ च्या सुमाराला सगळ्यांत रुंद दिसतील. तोवर मुलगी स्वतः फोकस लावायला शिकलेली असेल.


निशाचर:

५२५ चा हिशेब मला कोणी सांगितला नव्हता. माझी १५० च्या वर कधी नीट दिसली नाही, मी आकाशाला दोष देत होतो. डीएसएलआरबद्दलचं माझं वरचं वाक्य मागे घेतो.


दोनफळ्या:

ट्रॅकरला पैसे जमेपर्यंत एक मार्ग आहे, दोन फळ्या आणि एक बिजागरी. स्कॉटलंडच्या जॉर्ज हेग यांनी १९७५ मध्ये याची कृती प्रसिद्ध केली, तेव्हापासून जगभर लोक घरी बनवत आले आहेत.

खालची फळी ट्रायपॉडवर, वरच्या फळीवर कॅमेऱ्याचा बॉल हेड. दोन्ही एका बाजूने बिजागरीने जोडलेल्या. बिजागरीचा दांडा ध्रुवाकडे रोखायचा. दुसऱ्या बाजूने एम ६ चा बोल्ट खालच्या फळीतून वर यायचा, तो फिरवला की फळ्या हळूहळू उघडतात. एम ६ ला एका फेऱ्यात १ मिलिमीटर चाल मिळते. बिजागरीच्या मध्यापासून बोल्टच्या मध्यापर्यंत बरोबर २२८.५ मिलिमीटर ठेवले की मिनिटाला एक फेरा पुरतो. माझ्याकडे मोटर नाही. बोल्टच्या डोक्यावर पुठ्ठ्याची गोल चकती चिकटवली, तिच्यावर चार खुणा केल्या, आणि लाल उजेडात घड्याळाचा सेकंद काटा बघत न थांबता, पंधरा सेकंदांत पाव फेरा पुरा होईल असा बोल्ट फिरवत राहतो. हळू, बोटाच्या पेरांनी, कॅमेऱ्याला कळू न देता.

५० च्या भिंगाने मी तीस सेकंदांचे फोटो असे काढतो, दहातले सात-आठ गोल येतात. बोल्ट सरळ असल्यामुळे थोडी चूक साचत जाते, पण पहिल्या दहा मिनिटांत ती एका पिक्सेलच्याही खाली असते. मग बोल्ट मागे आणायचा आणि पुन्हा सुरू करायचं.

एकच सांगतो, बिजागरी चांगली घ्या. मी पहिल्यांदा कपाटाला लावतात ती पातळ बिजागरी लावली होती. तिच्यातला खेळ डोळ्याला दिसत नव्हता, फोटोत प्रत्येक तारा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसला. नंतर एक लांब पियानो बिजागरी लावली आणि तारे ताळ्यावर आले.


आभाळभर:

एक वेगळा मार्गही नोंदवून ठेवते. माझे वडील पंचाहत्तरीचे आहेत. गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे ध्रुवदर्शकात (ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखायच्या छोट्या दुर्बिणीत) डोळा घालणं त्यांना अशक्य. त्यांच्यासाठी आम्ही सीस्टार एस५० ही स्वयंचलित दुर्बीण घेतली. ५० मिलिमीटरची, केंद्रांतर २५०, कॅमेरा आतच. स्वतः आकाश ओळखते, दहा-दहा सेकंदांचे फोटो घेऊन रचत जाते, आणि वडील खुर्चीत बसून टॅबवर तेजोमेघ उजळताना बघतात. दर फोटोला प्रतिमा थोडी स्वच्छ होते. ते मोठ्याने आकडा मोजतात.

तिचं आकाश अरुंद आहे, देवयानी एका चौकटीत मावत नाही. शिवाय भिंग, एक्स्पोजर यांतलं फारसं काही आपल्या हातात राहत नाही. ज्यांना कॅमेरा हाताळण्यातच आनंद आहे त्यांनी लेथवाल्यांचं ऐकावं. पण कोणाच्या घरी असं माणूस असेल तर हे लक्षात असू द्या.


चांदणवाट:

सगळ्यांचे खूप आभार. पाच आठवड्यांनी लिहिते आहे. ५० चं भिंग आणि इंटरव्हॅलोमीटर घेतला. मृगाचे तीन सेकंदांचे ३२० फोटो, एफ/२.८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००. सिरिल शिकायला चार संध्याकाळी गेल्या. पण मृगाचा तेजोमेघ आला! पंख आले, मधला तो काळा खळगासुद्धा आला. मुलीने तो वर्गात दाखवायला नेला आहे.

तीन अडचणी आहेत. एक, प्रतिमा ताणली, म्हणजे अंधुक भाग उजळ केला की सगळीकडे लाल-हिरव्या तिरक्या रेघा दिसतात, पाऊस पडत असल्यासारख्या. दोन, मध्यभागी उजेड आणि कडांना अंधार. तीन, शेवटच्या शंभर फोटोंत तारे हळूहळू फुगत गेले, मी भिंगाला हातही लावला नव्हता.

आणि एक प्रश्न. एकांकडे वापरलेला ट्रॅकर विकायचा आहे. दुसऱ्यांकडे ७० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण, मोटर लावलेल्या हलक्या विषुववृत्तीय (ताऱ्यांच्या गतीने फिरणाऱ्या) बैठकीसह, तेवढ्याच पैशांत मिळते आहे. कोणतं घेऊ? माझ्या गच्चीवरून ध्रुवतारा दिसत नाही, पाण्याच्या टाकीआड जातो.


लेथवाला:

खळगा आला म्हणता, मग तुमचा फोकस उत्तम लागला होता. अभिनंदन, ताई.

तिसरी अडचण सोपी, ते दव. भिंग पुरेसं थंड झालं की हवेतली ओल त्यावर धरते, तारे फुगतात आणि मग विझतात. भिंगाच्या टोकाला गुंडाळायची यूएसबीवर चालणारी गरम पट्टी मिळते. पॉवर बँकेवर ती रात्रभर चालते. रात्र सुरू होतानाच लावा, ओल धरल्यावर नको. आणि त्या शंभर फोटोंवर जीव अडकवू नका, रचताना काढून टाका. खराब फोटो मिसळण्यापेक्षा कमी फोटो बरे.

कडांच्या अंधाराला फ्लॅट. भिंग, फोकस, एफ-आकडा, यातलं काहीही न हलवता भिंगावर पांढरं स्वच्छ कापड ताणून बसवा आणि पहाटेच्या फटफटीत आकाशाकडे धरून तीस फोटो घ्या, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) मधोमध येईल असे. सिरिल त्याने भागाकार करून कडा सपाट करतं, धुळीचे डागही जातात.

त्या तिरक्या पावसाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझे सहा महिने त्याने घेतले. सेन्सरवर काही पिक्सेल कायमचे जरा जास्त लाल असतात, काही जास्त हिरवे. तुमचा कॅमेरा स्थिर, आकाश एकाच दिशेने सरकणारं. सॉफ्टवेअर तारे जुळवायला प्रत्येक फोटो थोडा थोडा सरकवतं, आणि त्याबरोबर ते लाल-हिरवे ठिपकेही एका ओळीत सरकत जातात. ३२० ठिपके ओळीत ठेवले की रेघ होते. डार्क काढा, म्हणजे भिंगाला झाकण लावून, त्याच रात्री, त्याच आयएसओला, त्याच तीन सेकंदांचे तीस-चाळीस फोटो. त्याने बरंच कमी होईल. पण खरा उपाय म्हणजे दर पन्नास फोटोंनंतर कॅमेरा किंचित हलवायचा, कधी वर, कधी डावीकडे, ठरवून बेशिस्त. ओळ मोडली की ठिपके एकमेकांवर पडत नाहीत आणि सॉफ्टवेअर त्यांना वेगळे काढतं. ट्रॅकर आल्यावरही ही सवय सोडू नका.

आता खरेदी. ट्रॅकर घ्या. ७० ची साधी दुर्बीण बहुतेक दोन काचांची असणार, प्रखर ताऱ्यांभोवती जांभळी कडा येईल. केंद्रांतर पाचशे-सातशेच्या घरात, आणि त्याखाली तीच बारीक पायांची बैठक. मी जिथे अडकलो होतो तिथेच तुम्हीही अडकाल, फक्त आरशाऐवजी काच.

वापरलेला ट्रॅकर घरी नेण्याआधी हातात घेऊन बघा. चालू करा आणि कानाशी धरा. आवाज एकसारखा, बारीक गुणगुण असा हवा, मध्ये टक-टक येत असेल तर गिअरचा दात दुखावलेला आहे. मग कॅमेरा जिथे बसतो ती बाजू चिमटीत धरून हळूच दोन्हीकडे फिरवून पाहा. अगदी किंचित खेळ असतोच, पण खट्ट असं जाणवलं तर वर्म (चाक फिरवणारा आटेदार दांडा) आणि चाक यांच्यात फट आहे. बॅटरीचा कप्पा उघडा, टर्मिनलवर हिरवी बुरशी असेल तर तो बरेच दिवस पडून होता. ध्रुवदर्शकातून दूरच्या खांबाचं टोक बघा, मधल्या फुलीवर घ्या आणि अक्ष अर्धा फेरा फिरवा. टोक फुलीवरून फार दूर गेलं तर दर्शक वाकडा बसलाय, तो तीन बारीक स्क्रूंनी नीट करता येतो, म्हणून त्यासाठी सौदा मोडू नका.

कागदावर पाच किलो भार लिहिला असला तरी निम्म्यावर थांबा. तुमचा कॅमेरा आणि ५५-२५० मिळून दीड किलोच्या आत आहेत, काळजी नाही.

चाकाला १४४ दात असले तर वर्मचा एक फेरा साधारण दहा मिनिटांचा होतो, आणि त्या दहा मिनिटांत गती किंचित पुढेमागे होते. कुठलाही गिअर पूर्ण गोल नसतो, आयुष्यभर गिअर बघितलेत म्हणून सांगतो. म्हणून २०० वर एकदम तीन मिनिटांना हात घालू नका. साठ सेकंदांनी सुरुवात करा, दहा फोटो सलग काढा, त्यातले किती गोल येतात ते मोजा. आठ आले तर नव्वदवर जा.

ध्रुवतारा टाकीआड आहे त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून तसाही अर्ध्या अंशाहून जास्त सरकलेला आहे, दिसत असता तरी त्याला मध्यावर ठेवून चालत नाही, दर्शकातल्या वर्तुळावर वेळेप्रमाणे बसवावं लागतं. शिवाय दक्षिण गोलार्धातल्या मंडळींना तो कधीच दिसत नाही, त्यांची कामं होतात. फोनच्या होकायंत्राने उत्तर आणि अक्षांशाच्या आकड्याने उंची, इतकं आधी लावा. मग डोक्यावरच्या मध्यरेषेजवळचा, खगोलीय विषुववृत्ताच्या आसपासचा एक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठा करून पाच मिनिटं बघत राहा. तो उत्तर-दक्षिण सरकत असेल तर अक्ष डावी-उजवीकडे चुकलाय. अक्ष जरासा हलवा. सरकणं वाढलं तर उलट दिशेने हलवा. ते थांबलं की पूर्वेला खाली असलेला तारा घ्या. तो उत्तर-दक्षिण सरकला तर उंची चुकली आहे. पहिल्यांदा तासभर जातो, तिसऱ्या वेळी वीस मिनिटं. गच्चीवर ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या खुणा रंगाने करून ठेवा, म्हणजे पुढच्या रात्री अर्धं काम आधीच झालेलं असेल.

अजून एक, हे पुस्तिकेत सहसा नसतं. कॅमेरा बसवताना अक्षाची पूर्वेकडची बाजू अगदी थोडी जड ठेवा. मोटरला सतत वजन वर ढकलत राहावं लागतं, त्यामुळे दाताला दात एकाच बाजूने टेकलेला राहतो आणि फटीतला खेळ फोटोत उतरत नाही. पूर्ण समतोल साधलात तर चाक फटीत मागेपुढे डुलतं.

पहिली रात्र देवयानीला द्या. ती आकाशात तीन अंशांची आहे, म्हणजे सहा चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत इतकी, आणि २०० वर तुमच्या सेन्सरवर ऐसपैस मावते. एफ/५.६, आयएसओ १६००, साठ सेकंदांचे शंभर फोटो. प्रत्येक दहाव्या फोटोनंतर कॅमेरा जरासा हलवा. झाल्यावर सामान आवरण्याआधी भिंगाला झाकण लावून डार्क घ्या, पट्टी आणि ट्रॅकर चालू ठेवूनच, आणि पहाटेपर्यंत जागणार असाल तर फ्लॅटही.